पुढच्या पायांखालचे ठोकळे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवापुढं हात जोडतो तेव्हाही नाही — तिथं मी माफी मागतो ती लहानसहान गोष्टींची, ज्यांची मागायला जड जात नाही अशांची. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढं पुरे असावं.

लोक मला शफीभाईंचा जिवाभावाचा मित्र समजतात. त्यांचा अपघात झाला तेव्हा मी किती धावपळ केली, हे आमच्या गल्लीत अजून कौतुकानं सांगितलं जातं. मी ऐकून घेतो. एकदाही कुणाला मध्ये थांबवलेलं नाही.

पण आधी मशीनबद्दल सांगतो. मशीनपासून सुरुवात केली की मला बोलायला जमतं.

शफीभाई आणि मी वाळूजच्या एकाच कंपनीत होतो. मी मेंटेनन्सचा फिटर. ते पॅटर्न शॉपला — लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे. राहायला खुलताबाद, रोज बसनं येऊन-जाऊन. कंपनीनं पॅटर्न शॉप बंद केलं, माझ्याही विभागाची माणसं कमी केली, आणि आम्ही दोघं बरोबरच घरी बसलो. बजाजनगरात माझ्या घरामागं पत्र्याची शेड होती. तिथं मिळून लाकूडकाम करायचं ठरलं. देवघरं, पाट-चौरंग, कुराण ठेवायच्या रेहाल. हात शफीभाईंचा, जागा माझी आणि मशीनची जाण माझी. शेवटचं मी स्वतःच जोडलं होतं. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

आम्हाला पाहिजे होतं रेडियल सॉ. नवं परवडणारं नव्हतं, म्हणून जुन्या मशिनरीच्या दुकानात गेलो. ज्यांनी हे मशीन बघितलेलं नाही त्यांना सांगतो — मागं एक खांब असतो, खांबावरून टेबलावर आडवा लोखंडी हात आलेला असतो, आणि त्या हाताखाली मोटर आणि ब्लेड लटकत असतं. त्याला आम्ही मुंडकं म्हणायचो. लाकूड टेबलावर धरायचं, फिरतं मुंडकं स्वतःकडं ओढायचं, कापून झालं की मागं ढकलायचं. म्हणजे करवत तुमच्या अंगाकडं येते. म्हणून असलं वापरलेलं मशीन घेताना खांब हलवून बघतात, आडव्या हाताचं टोक दाबून ढिलाई बघतात, बेअरिंगचा आवाज ऐकतात. आणि एक गोष्ट सगळ्यांत आधी बघतात. मुंडकं मधोमध ओढायचं आणि सोडून द्यायचं. ते मागं गेलं पाहिजे. निदान जागेवर राहिलं पाहिजे. पुढं आलं, तर ते मशीन घ्यायचं नाही.

दुकानात दोन मशीन होती. एक रंग उडालेलं, गंजकं, एखाद्या आजारी बैलासारखं कोपऱ्यात उभं. त्याचं मुंडकं सोडलं की शहाण्यासारखं मागं जायचं. दुसरं बाहेरच्या देशातलं, हिरवागार रंग, पितळी पट्टीवर कोरलेली अक्षरं. मी त्या हिरव्या रंगाच्या प्रेमात पडलो. पन्नाशीच्या माणसानं असं पडू नये, पण पडलो. शफीभाईंनी त्याचं मुंडकं ओढून सोडलं. ते क्षणभर थांबलं आणि मग हळूहळू त्यांच्याकडं यायला लागलं.

“भाऊ, हे नका घेऊ,” ते म्हणाले. “मुंडकं अंगावर येतंय.”

मी हसलो. दुकानदारासमोर हसलो. खांब जरा पुढं झुकलाय, बुडाचे बोल्ट ढिले करून खाली पत्र्याची पातळ पट्टी, पत्री, सारायची, अर्ध्या दिवसाचं काम, अख्खी जिंदगी दुसरं काय केलं मी — असं बरंच बोललो. शफीभाईंनी वाद घातला नाही. तुमच्या हातानं सरळ झालं तर मी सलाम ठोकीन, एवढं म्हणाले. चिडवणं होतं ते. मला ते लागलं — का लागावं? पण पडलो तरी नाक वर, असा माझा जन्माचा स्वभाव.

मशीन शेडमध्ये आलं. शफीभाई घरच्या एका लग्नासाठी काही दिवस येणार नव्हते. मी एकट्यानं बोल्ट सोडायला घेतले. एक बोल्ट आतल्या आत तुटला. तो काढायच्या नादात मी घण मारला आणि खांबाच्या बैठकीचा कोपरा तडकला. आता तिथं पत्रीही बसणार नव्हती आणि नवा बोल्टही. मी तसाच फरशीवर बसून राहिलो. मग सागवानाचे दोन ठोकळे कापले आणि मशीनच्या पुढच्या दोन पायांखाली सारले. अख्खं मशीन जरा मागं कललं. मुंडकं ओढून सोडलं — गेलं मागं. ठोकळ्यांना हिरवा रंग दिला. मशीनचेच पाय वाटायला लागले. नाचता येईना म्हणून मी अंगणच वाकडं करून घेतलं होतं.

शफीभाई आले. त्यांनी मुंडकं ओढलं, सोडलं, ते मागं गेलं. त्यांनी खरोखर हात कपाळाला लावला. उस्ताद आहात भाऊ, म्हणाले. आणि मी तो सलाम घेतला.

तेव्हा सांगता आलं नसतं? अगदी सहज आलं असतं. ते हसले असते, चार दिवस मला चिडवलं असतं, आणि मग दोघांनी मिळून काहीतरी पक्कं केलं असतं. चार दिवसांचं चिडवणं — तेवढंच होतं ते. पुढं जे झालं ते तेवढं वाचवण्यासाठी झालं.

वर्षभर काम छान चाललं. आमची देवघरं वैजापूरपर्यंत जायची. शफीभाईंची एक पद्धत होती: कापून झालं की मुंडकं मागं ढकलायचं, त्यावर बोटांनी टकटक करायचं, आणि मगच हात टेबलावर घालायचा. मोटर प्रत्येक कापाला बंद करत नसत. कुणीच करत नाही. पण ती टकटक कधी चुकली नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं चालवत नाहीत, पुजतात. मी शेड धुतली, मशीन पुसून घेतलं, झेंडूचा हार घातला. मंदानं — माझ्या बायकोनं — रांगोळी काढली आणि मशीनच्या टेबलावर कलश मांडला. काठोकाठ पाणी, आंब्याची पानं, वर नारळ. कलश कलला. तिनं खाली तांदूळ सारखे केले, परत मांडला. पाणी मागच्या बाजूनं सांडलं आणि नारळ एका अंगाला गेला.

ती म्हणाली, “अहो, टेबलच वाकडं आहे. सणाचा कलश असा नको.”

कलश कलंडणं चांगलं नाही, हे मलाही वाटतंच. मी पहारीनं मशीन उचलून ठोकळे काढले आणि खिडकीत, तेलाच्या डब्यामागं ठेवले. कलश सरळ राहिला. उद्या दसरा, परवा सकाळी परत लावू, असं ठरवलं. दसऱ्याला शफीभाई खुलताबादहून मिठाई घेऊन आले. मी त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. उजव्या हातावर.

इथपर्यंत ऐकलंत तर तुम्ही म्हणाल, विसरला बिचारा. माणूस आहे, विसरतो. मीही कित्येक वर्षं स्वतःला असंच सांगून बघितलंय. सण होता, पाहुणे होते, ध्यानातून गेलं.

गेलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. शफीभाईंकडं शेडची किल्ली असायची. ते आले, त्यांनी दार उघडलं, मोटर सुरू केली. मोटरचा आवाज कानावर पडला आणि त्याच क्षणी मला आठवलं — ठोकळे खिडकीत आहेत. लख्ख आठवलं. शेड किती लांब होती? मागचं दार उघडून हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. शफीभाई, थांबा — एवढंच म्हणायचं होतं.

पण थांबा म्हटलं तर का, हे सांगावं लागलं असतं. त्यांच्यासमोर पहार घेऊन ते हिरवे ठोकळे पायांखाली सारावे लागले असते. वर्षभर उस्ताद म्हणून मिरवलेला मी. मग मी असा विचार केला — हो, विचार केला, नीट, एकामागून एक — की थोड्या वेळानं ते चहाला आत येतील, तेव्हा मी गुपचूप जाऊन लावीन. आणि तोवर? तोवर काय होणार, एवढा जपून काम करणारा माणूस आहे. त्यांच्या जपण्यावर मी विसंबलो. मंदाकडं आणखी अर्धा कप चहा मागितला.

तो पीत असताना मोटरचा आवाज बदलला.

शफीभाई ओरडले नव्हते. मी गेलो तेव्हा ते उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून उभे होते. स्वतःच्या हाताकडं बघत नव्हते. मशीनकडं बघत होते.

“मी मागं ढकललं होतं, भाऊ,” ते म्हणाले. “टकटक पण केली होती.”

मी मोटर बंद केली. हाताला टॉवेल गुंडाळला. शेजाऱ्यानं गाडी काढली, त्यांना मागं बसवलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की बोटं बरोबर घ्या, बर्फात घालून घ्या, जोडता येतात. मंदा बर्फ आणायला फ्रिजकडं धावली. मी बोटं आणायला शेडमध्ये धावलो.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी मी एवढं बोलत आलो. मी आत गेलो. बोटं टेबलावर भुशात पडलेली मला दिसली. आणि मी आधी खिडकीकडं गेलो. तेलाच्या डब्यामागून ठोकळे काढले. पहार घातली, एक पाय उचलला, ठोकळा सारला. दुसरा पाय उचलला. दुसरा ठोकळा नीट बसेना, तो हातोडीनं ठोकला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. मला ऐकू येत होता. शफीभाई गाडीत रक्त सांडत बसले होते आणि मी हातोडी मारत होतो.

मंदा बर्फाचा डबा घेऊन दारात आली. मी खाली वाकलेलो होतो, हातोडी हातात. काय करताय, तिनं विचारलं. मी म्हणालो, बोटं शोधतोय, खाली गेली असतील. बोटं टेबलावर समोरच होती. मंदानंच उचलली.

बोटं जोडता आली नाहीत. मधली दोन. करवत बोट सरळ कापत नाही, फाडते, त्यामुळं लवकर आणली असती तरी जमलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी स्वतःशी फार वेळा म्हटलंय. पण हातोडी मारत होतो तेव्हा मला ते माहीत होतं का? नव्हतं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की प्रत्येक मिनिट त्यांच्या बोटांचं आहे. ते मी माझ्यासाठी घेतलं.

हाताचं बँडेज निघायच्या आधीच शफीभाई एक दिवस आले. शेडमध्ये जाऊ म्हणाले. मी मागोमाग गेलो. त्यांनी डाव्या हातानं मुंडकं ओढलं आणि सोडलं. ते मागं गेलं. परत ओढलं, परत सोडलं. मग मोटर सुरू करून तसंच केलं आणि बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. मुंडकं जागचं हललं नाही. मी दाराशी होतो. चोराच्या मनात चांदणं — ते खाली वाकतील, पाय बघतील, असं मला सारखं वाटत होतं. त्यांनी पाय बघितले नाहीत. का बघावेत? खांब मी सरळ केलाय, या माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा होता.

त्यांनी मोटर बंद केली. “मशीन बरोबर हाय भाऊ. मीच ढकललं नसंल. गफलत माझीच.” मग म्हणाले, “त्या दिवशी मी तुमाला बोललो, ढकललं होतं म्हणून. ते इसरा.”

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. होतं असं कधी कधी, म्हणालो.

दोन बोटं गेलेले सुतार तुम्हाला हव्या त्या लाकडाच्या वखारीत भेटतील. काम करतात ते. शफीभाईंनाही आलं असतं. पण त्यांनी करवतीला परत हात लावला नाही. बोटांपायी नव्हे. त्यांना पक्कं आठवत होतं की मुंडकं मागं ढकललं, टकटक केली — आणि मशीन सांगत होतं की तसं झालंच नाही. जे केलंच नाही ते केल्यासारखं आठवत असेल, तर अशा डोक्यावर भरवसा कसा ठेवायचा? ते घराचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघायला लागले. गॅस बंद आहे ना, हे घरी फोन करून विचारायला लागले. रस्ता ओलांडताना जावयाचा हात धरायला लागले. पॅटर्न शॉपमध्ये ज्याच्या नजरेला सुताभराचा फरक कळायचा, तो माणूस दर्ग्याजवळ भावाच्या दुकानात फुलं आणि चादरी विकायला बसला. कामाला लागलेली पोरं भेटली की त्यांना उजवा हात दाखवून सांगतो, बेध्यान राहिलं की असं होतं, माझ्याकडं बघा.

बोटं करवतीनं घेतली. बाकीचं मी घेतलं.

पुढच्या खंडेनवमीला मंदानं कलश मशीनवर मांडला नाही. खाली फरशीवर मांडला. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तेव्हापासून दर वर्षी तो खालीच असतो.

आणि हे इथंच संपलं असतं तर मी एका सकाळचा भित्रा ठरलो असतो. घाबरला, डोकं चाललं नाही, असं तरी म्हणता आलं असतं.

मागच्या हिवाळ्यात शफीभाईंच्या जावयाला फर्निचरच्या कामासाठी रेडियल घ्यायचं होतं, वापरलेलं. शफीभाईंनी मला बोलावलं. मशीन तुम्ही बघा भाऊ, मला आता कळत नाही, म्हणाले. आम्ही तिघं गेलो. दुकान दुसरं होतं, पण मशीन तसंच, फक्त रंग वेगळा. शफीभाईंनी न राहवून मुंडकं ओढलं आणि सोडलं. ते हळूहळू त्यांच्याकडं यायला लागलं. ते झटकन मागं सरले, हात छातीशी घेऊन.

दुकानदार हसला. घाबरता काय चाचा, म्हणाला, पुढच्या पायांखाली दोन लाकडं सारा, जातंय मागं. पुष्कळ जण तसंच चालवतात.

शफीभाई मशीनच्या पायांकडं बघत राहिले. मग वर बघितलं, माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. एखादं नाव ओठावर यावं आणि आठवू नये, तसं काहीतरी होतं. जावई बघत होता. दुकानदार बघत होता. एवढ्या वर्षांनी ते सगळं आपोआप माझ्या दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि मला फक्त हो म्हणायचं होतं.

“असं होतं का, भाऊ?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “असं होत नाही. खांबच सरळ पाहिजे.”

  त्या सकाळी मी घाबरलो होतो. या वेळी नव्हतो.

त्यांनी मान हलवली. भाऊ नाही म्हणतात, चल, असं जावयाला म्हणाले. रिक्षात ते माझ्याशेजारी बसले. रस्त्यात खड्डा आला तसा त्यांनी आधारासाठी माझा हात धरला, त्या उजव्या हातानं, आणि घर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

मशीन अजून शेडमध्ये आहे, ठोकळे त्याच्या खाली आहेत. शफीभाई खुलताबादला आहेत, तब्येत ठीक आहे. मी अधूनमधून त्यांच्या दुकानावर जाऊन बसतो. गेल्या आठवड्यातही गेलो होतो. त्यांनी चहा मागवला. पहिला कप त्यांनी मला दिला. एका हातात नीट धरता येत नाही, म्हणून दोन्ही हातांनी धरून पुढं केला. मी घेतला आणि प्यालो.